धार लावता येते काय, हे आधी विचारा

करवत घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारतो आणि दुसरा कंपनीचा. हिला पुन्हा धार लावता येते काय, असे विचारणारे गिऱ्हाईक शंभरात एखादे. आमच्या मते हाच पहिला प्रश्न असला पाहिजे. वादळात किंवा पावसाळ्यात पायवाटेवर आडवी झालेली झाडे बाजूला करण्यासाठी जी करवत घ्यायची, तिच्या बाबतीत तर नक्कीच. ही करवत वर्षातून दहा-वीस दिवसच लागते, पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी ती चाललीच पाहिजे.

आमचा धंदा कापडाचा. कापडवाल्याने करवतीवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की, वाट बंद झाली की बाजार बसतो आणि बाजार बसला की आमचा गल्ला रिकामा राहतो. नाशिकहून पेठ, हरसूल, सुरगाणा, त्र्यंबक या बाजूच्या आठवडे बाजारांना आपले कितीतरी भाऊ कापड, बांगड्या, चपला, भांडी घेऊन जातात. पेठ रस्त्यावर सावळघाटात झाड पडले तर जेसीबी येतो आणि रस्ता मोकळा होतो. पण पाड्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत येणाऱ्या पायवाटेवर जेसीबी जात नाही. तिथे आडवा झालेला साग किंवा ऐन तसाच पडून राहतो. गिऱ्हाईक बाजारात पोचत नाही, मुले निसरड्या ओंडक्यावरून शाळेत जातात, आणि आजारी माणसाला झोळीत घालून आणायची वेळ आली तर ती झोळी हातोहात झाडावरून पलीकडे द्यावी लागते. अंजनेरी, हरिहर या डोंगरांवर जाणाऱ्या ट्रेकवाल्यांची आणि श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्या भाविकांची अडचणही यापेक्षा वेगळी नसते.

मोठ्या वादळात काय होते, ते कोकणातल्या आपल्या भावांनी पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी यंत्रांनी झाडे कापून रस्ते मोकळे केले. घरांच्या आणि वाड्यांच्या आतल्या वाटा लोकांना आपल्याच कोयत्या-कुऱ्हाडींनी काढाव्या लागल्या. कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळाने किनाऱ्यावर पुन्हा झाडे पाडली. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. चार्ज करून चालणारी करवत कितीही चांगली असली तरी वीजच नसेल तर बॅटरी संपल्यावर ती निव्वळ ओझे होते.

लाकूड आणि वाट पाहून करवत

करवत निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. लाकूड किती जाड आहे, तिथपर्यंत किती चालायचे आहे, आणि धार गेली तर ती परत कोण आणून देणार. या तीन प्रश्नांवर बाजारातल्या चार जातींच्या करवती तपासून पाहू.

पहिली घडीची करवत. चाकूसारखी मिटते, पिशवीत मावते, वजन पाव किलोच्या आसपास. पाते ७ ते १० इंच. हिचे दात बहुधा ओढताना कापतात, म्हणून पाते पातळ असूनही वाकत नाही. हिशेब सोपा आहे : पात्याच्या निम्म्या लांबीपेक्षा जाड फांदीला हिला लावू नये. ८ इंचाच्या पात्याला ४ इंचाची फांदी. त्यापेक्षा जाड लाकडात दात बाहेर येत नाहीत, भुसा आतच अडकतो आणि माणूस नुसता दमतो. पण हिला कमी समजू नये. पडलेल्या झाडाच्या फांद्यांची गर्दी काढली की अनेकदा खोडाला हात लावायची गरजच पडत नाही. माणसाला आणि डोक्यावरच्या मोळीला जायला जागा होते.

दुसरी कमानीची करवत. लोखंडी नळीची कमान आणि तिच्यात ताणून बसवलेले पाते, २१, २४ किंवा ३० इंचांचे. वजन किलोभर. सहा-आठ इंचांच्या लाकडाला ही उत्तम. हिच्यात दोन प्रकारची पाती मिळतात, हे पुष्कळ दुकानदारही सांगत नाहीत. सुक्या लाकडाच्या पात्याला सगळे दात सारखे असतात. ओल्या लाकडाच्या पात्यात मधूनमधून वेगळा दात आणि खोल खाच असते, त्या खाचेतून ओला भुसा बाहेर पडतो. ताजे पडलेले झाड ओलेच असते. त्याला सुक्याचे पाते लावले तर ते चिकटते आणि अडकते. दोन्ही पाती जवळ ठेवावीत. खर्च थोडा आणि उपयोग मोठा.

तिसरी दोन माणसांची आडवी करवत, ५ ते ६ फुटांची. ही खांद्यावर टाकून एक माणूस नेऊ शकतो. दीड-दोन फुटांच्या खोडाला हिच्यासारखे हाताचे दुसरे हत्यार नाही. मात्र वखारीत पडलेली कोणतीही जुनी मोठी करवत उचलून आणू नये. फळ्या पाडण्याची करवत लाकूड उभे चिरते, तिचे दात छिन्नीसारखे असतात. आपल्याला आडवे कापणारी हवी, तिचे दात सुरीसारखे दोन्ही अंगांनी तासलेले असतात. हिच्यावर काम करण्याचा कायदा एकच : दोघांनी फक्त ओढायचे, ढकलायचे कोणी नाही. आपली पाळी झाली की हात सैल सोडून समोरच्याला ओढू द्यायचे. ढकलले की पाते वाकते. भागीदारीत धंदा करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कोणी म्हणेल, हे जुन्या काळचे झाले. तसे नाही. अमेरिकेत १९६४ साली कायदा झाला आणि त्या कायद्याने राखून ठेवलेल्या निर्जन वनक्षेत्रांत इंजिनची हत्यारे चालवायला मनाई झाली. त्यामुळे तिथल्या वनखात्याचे लोक आणि स्वयंसेवक आजही दोन माणसांच्या करवतीने वाटा मोकळ्या करतात. या करवतीची निगा कशी ठेवावी आणि धार कशी लावावी यावर वॉरन मिलर यांनी लिहिलेली पुस्तिका तिथल्या वनखात्याने १९७७ साली काढली. ज्या मुलुखात यंत्रांची कमी नाही तिथे सरकार हाताच्या करवतीच्या धारेवर पुस्तिका काढते, आणि आपल्याकडे धार लावणारा उठून रिक्षा चालवायला जातो.

यंत्र कोणी घ्यावे

चौथी पेट्रोलवर चालणारी चेनची करवत. लोक हिला 'कटर मशीन' म्हणतात. जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली बनवलेली विजेची चेनकरवत दोन माणसांनी धरावी लागे. आज एक माणूस चार ते सहा किलोचे मशीन घेऊन फिरतो. ही वेगवान आहे, यात वाद नाही. हाताने अर्धा तास लागणारे खोड ही काही मिनिटांत तोडते. पण हिशेब पुरता मांडावा. मशीनबरोबर तेल मिसळलेले पेट्रोल, चेनचे वेगळे तेल, कानस, पाना, हेल्मेट, चष्मा आणि पायांचे संरक्षण हेही न्यावे लागते. सगळे धरून ओझे दहा किलोच्या पुढे जाते, आणि ते चढावरच्या वाटेने. पावसाळा संपल्यावर टाकीत पेट्रोल तसेच ठेवून मशीन माळ्यावर टाकले तर पुढच्या जूनमध्ये कार्बोरेटर चिकटलेला सापडतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा धरते, म्हणून काम संपताच टाकी रिकामी करणे अधिकच गरजेचे झाले आहे.

बाजारात ५८ सीसी आणि २२ इंची पात्याचे स्वस्त मशीन ढिगाने मिळते आणि घेणारा लांब पाते पाहून खूश होतो. वाटेच्या कामाला १४ ते १६ इंचांचे पाते पुरते. लांब पात्याचे टोक नजरेआड राहते. त्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात उलटून माणसाच्या तोंडाकडे येते. म्हणून चेनब्रेक चालतो की नाही, ते दुकानातच तपासावे. ब्रेक नसलेले मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. चेनकरवत चालवताना घालायची खास पँट किंवा पायांवर बांधायचा पडदा मिळतो. ते साधे जाड कापड नसते. वरच्या कापडाखाली लांब, चिवट धाग्यांचे अनेक थर सैल बसवलेले असतात. चेन आत शिरली की ते धागे ओढले जातात, चेन फिरवणाऱ्या चाकाला गुंडाळतात आणि चेन जागीच थांबते. जीन्स किंवा कॅनव्हास हे काम करू शकत नाही, कितीही जाड असो. या कपड्यावर वर्ग लिहिलेला असतो : वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर तपासलेला, वर्ग २ म्हणजे २४ मीटर, वर्ग ३ म्हणजे २८ मीटर. हा वर्ग छापलेला नसेल तर माल घेऊ नये. आणि शिंपीबंधूंना एक विनंती : असा कपडा दुरुस्तीला आला तर आतल्या थरांतून टाके घालू नका. टाक्याने धागे बांधले जातात, मग ते ओढले जात नाहीत आणि कपड्याचा जीव जातो. आत काप गेलेली पँट शिवण्याऐवजी बदलायची असते, हे गिऱ्हाइकाला सांगणे हेही इमानदारीचेच काम आहे. लुंगी, मफलर, लोंबता रुमाल किंवा सैल कुडत्याची बाही मशीनजवळ नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे मत असे : मशीन त्याने घ्यावे ज्याला गाडी जाते त्या रस्त्यावर काम आहे, ज्याने ते चालवायचे रीतसर शिकून घेतले आहे आणि जो वर्षभर ते वापरतो. मदतकार्यासाठी वर्गणी काढून एक मशीन घ्यायचे आणि ते कोणत्याही उत्साही पोराच्या हाती द्यायचे, हे धोक्याचे आहे.

पडलेले झाड निर्जीव नसते

करवत कोणतीही असो, आडव्या खोडात ताण भरलेला असतो. दोन्ही टोके टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल तर खोडाचा वरचा भाग दाबलेला आणि खालचा ताणलेला असतो. वरून कापत गेलात तर चीर मिटते आणि पाते अडकते. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापावे आणि मग खालून कापून पुरे करावे. एकच टोक टेकलेले आणि दुसरे हवेत असेल तर उलट : आधी खालून थोडे, मग वरून. चिरेत लाकडी पाचर ठोकली की पाते मोकळे राहते. उतारावर नेहमी खोडाच्या वरच्या बाजूला उभे राहावे, कारण कापलेला ओंडका खाली गडगडतो. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड कापले की मुळांचा मोठा गड्डा अचानक पुन्हा उभा राहू शकतो. त्याच्या मागे खड्ड्यात मुलांना उभे राहू देऊ नये. वाकून अडकलेली बारीक झाडे सुटली की सटकन तोंडावर येतात. विजेच्या तारेवर पडलेल्या झाडाला तर हातच लावू नये, महावितरणला कळवावे.

कायद्याचेही पाहावे. राखीव जंगलात झाड कापणे आणि लाकूड उचलून नेणे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा ठरतो. शहरात १९७५ चा झाडे जतनाचा कायदा आहे. आपला हेतू वाट मोकळी करण्याचा असला तरी हातात करवत आणि खांद्यावर ओंडका पाहिल्यावर वनरक्षक हेतू विचारत बसत नाही. म्हणून आधी वनखात्याला आणि गावच्या वन समितीला सांगावे, त्यांचा माणूस बरोबर घ्यावा, वाटेपुरतेच कापावे आणि लाकूड तिथेच कडेला ठेवावे. एक फांदीही घरी आणू नये. नाव एकदा खराब झाले की ते धुऊन निघत नाही.

धार हा धंदा आहे

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हल्ली पुष्कळ हातकरवतींच्या दातांची टोके विजेच्या उष्णतेने क्षणात तापवून कडक केलेली असतात. ओळखायला सोपे : टोके काळी-निळी दिसतात. हे दात जास्त दिवस टिकतात, हे खरे. पण धार गेली की गेली. कानस त्यावरून नुसती घसरते. मग पाते फेकायचे. सागाच्या लाकडात वाळूसारखा सिलिका असतो, तो चांगल्या पोलादालाही बोथट करतो. सागाच्या मुलुखात फेकून द्यायची पाती घेणे म्हणजे दरवर्षी पैसे फेकणे. घडीच्या करवतीत बहुतेक पाती अशीच असतात. ती घ्यायचीच तर सुटे पाते नाशिकच्या बाजारात मिळते काय, ते विचारून घ्यावी. पण मोठ्या करवतीला कानस लागलीच पाहिजे.

कापडवाल्याला आणि शिंप्याला हे समजायला जड जाऊ नये. चांगली कात्री वीस-पंचवीस वर्षे चालते, कारण ती अधूनमधून शिकलगाराकडे जाऊन येते. शिकलगार हा शब्द 'सैकलगर'वरून आला. सैकल म्हणजे हत्यार घासून दिलेली चकाकी. तलवारीला पाणी देणारे ते हात पुढे कात्र्या, सुऱ्या, वस्तरे यांच्यावर आले. आज वस्तऱ्याची जागा ब्लेडने घेतली, घरातली सुरी स्वस्त झाली आणि सहाण फिरवणारा माणूस गल्लीतून दिसेनासा होत चालला. त्याच्या मुलाला या कामात पुढे काही दिसत नाही.

आमच्या मते करवतीत त्याला दिसू शकते. दोन माणसांच्या करवतीचे दात तासणे, एकाआड एक डाव्या-उजव्या अंगाला किंचित वाकवणे, मधले भुसा काढणारे दात बाकीच्यांपेक्षा केसभर खाली ठेवणे, हे नजरेचे आणि हाताचे काम आहे. नीट धार लावलेल्या करवतीतून पीठ पडत नाही, शेवयांसारखे लांब काप पडतात. हीच कारागिराची पावती. चेनकरवतीलाही सतत धार लागते आणि तिची गोल कानस चेनप्रमाणे वेगळी असते : बारीक चेनला ४ मिलिमीटरची, त्याहून मोठीला ४.८ ची. ज्या दुकानदाराने या कानशी ठेवल्या आणि ज्या कारागिराने चेन तासायला शिकून घेतले, त्याच्याकडे बागांचे ठेकेदार, द्राक्षबागाईतदार, वखारवाले सगळे येतील. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत शिकलगार हे नाव नाही, पण लोहार, सुतार, शस्त्रकार आणि हातोडा-हत्यारे बनवणारे आहेत. प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत त्यात आहे, आणि ती मदत कर्ज नाही. ज्यांचे काम या नावांत बसते त्यांनी चौकशी करावी.

मोहल्ल्याच्या मदत पथकाने, गावच्या समितीने किंवा ट्रेकवाल्या मंडळाने काय घ्यावे, ते आम्ही सरळ सांगतो. एका मोठ्या मशीनच्या पैशांत एक दोन माणसांची करवत, दोन कमानीच्या, चार घडीच्या, एक पहार, एक चांगली कुऱ्हाड, अर्धा डझन पाचरी, हातमोजे आणि चष्मे येतात, आणि वर काही उरतेच. त्यात दहा माणसे एकाच वेळी कामाला लागतात. मशीनवर एकच लागतो, बाकीचे पाहत उभे राहतात. उरलेले पैसे धारेसाठी बाजूला ठेवावेत. दर मे महिन्यात सगळ्या करवती शिकलगाराकडे द्याव्यात, रोख पैसे मोजून, उधारीवर नव्हे. करवतींना तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावे.

एवढे झाले तर पावसाळ्यात पाड्याची वाट एका दिवसात मोकळी होईल आणि एका कारागिराच्या घरी मे महिन्यात काम असेल. दुकानात गेल्यावर पात्यावर बोट न फिरवता आधी विचारा, हिला धार कोण लावणार? दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर पुढच्या दुकानात जा.